अण्णाच्या रक्तातले दोन आकडे

मला डेंग्यू झाला होता. बारा दिवस मी हुबळीच्या सरकारी हॉस्पिटलात होते आणि त्यातून बरी झाले. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. हल्ली आमच्या गल्लीत कुणाला ताप आला की माणसं मला विचारायला येतात. एक तर मी लॅबमध्ये काम करते, आणि दुसरं म्हणजे मी ते भोगून आले आहे. पाणी किती प्यायचं, ताप उतरल्यावरच जास्त का जपायचं, अंगावर लाल ठिपके दिसले तर कुठं जायचं, हे सगळं मी सांगते. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगत नव्हते. ज्यांच्या घरी तापाचा माणूस आहे आणि हातात लिव्हरच्या तपासणीचा कागद आहे, त्यांच्यासाठी ती आज लिहून काढते. माझ्या आजाराची सुरुवात माझ्या तापापासून होत नाही, माझ्या भावाच्या तापापासून होते. आणि तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते.

*

भावाला मी अण्णा म्हणते. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात फिटर. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मला वाढवलं आणि शिकवलं ते त्यानं. लॅबचा कोर्स केलेली आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी, आणि याचा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त तोरा होता.

पण हाच अण्णा एके काळी प्यायचा. रोज नाही, पण प्यायला की त्या दिवशी घरात कुणाला घास गोड लागत नसे. आई तेव्हा होती. संध्याकाळी दार वाजलं की ती स्वतः उठायची नाही, मला पाठवायची. मी दार उघडायचं, अण्णाचं तोंड हुंगायचं आणि हात पाठीमागे नेऊन आईला खूण करायची. एक बोट म्हणजे प्यायलाय, मूठ म्हणजे नाही. मूठ दिसली की आई ताट वाढायला घ्यायची. अण्णाला ही खूण ठाऊक होती. ज्या दिवशी प्यायलेला नसे त्या दिवशी तो दारातच वाकायचा, माझ्या नाकापुढे तोंड उघडून मोठ्यानं ‘हा’ करायचा आणि म्हणायचा, “घे इन्स्पेक्टरीण, कर तपासणी.” मी सात-आठ वर्षांची होते. मला ती नोकरी फार आवडायची.

पुढं आई गेली, अण्णाचं लग्न झालं. वहिनी कलघटगीची. तिनं दोन वर्षं सोसलं आणि एके दिवशी शांतपणे सांगितलं, “आता परत प्यालात तर मी भांडत बसणार न्हाई. उठून जाईन.” त्यानंतरच्या रविवारी अण्णानं विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं. आम्ही बौद्ध, त्यामुळे पाचही शीलं लहानपणापासून तोंडपाठ. तरी पाचवं शील, मद्य न घेण्याचं, म्हणताना अण्णाचा आवाज त्या दिवशी कापला होता, हे मला आठवतं.

त्यानंतर सहा वर्षं त्यानं थेंबाला शिवलं नाही. नंतर तर रविवारच्या वंदनेला तोच पुढं बसायला लागला. तो एकेक शील म्हणायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागून म्हणायचो. गंमत म्हणून कधी दारात वाकून अजून ‘हा’ करायचा, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

*

मी ज्या लॅबमध्ये होते ती दुर्गदबैलाच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. खाली हातगाड्यांची आरडाओरड, वर आम्ही. लिव्हरच्या दोन तपासण्यांना आम्ही ओटी आणि पीटी म्हणायचो. त्यांचं काम हातानं असायचं. रक्तातून वेगळ्या केलेल्या सिरममध्ये औषध घालून नळ्या कोमट पाण्याच्या बाथमध्ये ठेवायच्या, ओटीला तासभर, पीटीला अर्धा तास. मग शेवटचं औषध घातलं की नळीत तपकिरी रंग यायचा. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. तो यंत्रात बघायचा आणि ग्राफवरून युनिट काढायचे.

लॅबचे मालक डॉक्टर वयस्कर होते, बोलके होते. एकदा माझ्या खांद्यावरून कागद बघत ते म्हणाले होते, “हा बघ, पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. समजून जायचं, गडी पितोय.” ते एका पेशंटबद्दल बोलत होते, आणि त्याच्या बाबतीत ते खरंही होतं. मी मात्र ते वाक्य नियम म्हणून उचललं. तेव्हापासून ओटी दुप्पट दिसलं की मी मनातल्या मनात त्या माणसाला ओळखल्यासारखी मान हलवायची. मला वाटायचं, माणसं तोंडानं काहीही सांगू देत, मला आतलं दिसतं. इतक्या थोड्या शिकण्यावर इतका मोठा गर्व मी नंतर कुणात पाहिला नाही.

*

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर अण्णाला ताप आला. हाडं मोडल्यासारखं अंग दुखत होतं, डोळे हलवले तरी दुखायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी टायफॉइड म्हटलं, सहाव्या दिवशी रक्त तपासायला सांगितलं. घरचीच लॅबवाली असताना दुसरीकडे कशाला जायचं? मीच सुई घेऊन बसले. दंडाला रबर बांधलं तर त्याच्या खाली कोपरापाशी बारीक बारीक लाल ठिपके उठले.

“ढेकूण झालेत तुझ्या अंथरुणात,” मी म्हटलं.

“ढेकणांना पण फिटरचंच रक्त गोड लागतंय की,” अण्णा म्हणाला.

ते ठिपके मी डोळ्यांनी पाहिले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं ते मला पुन्हा दिसले.

लॅबमध्ये ओटीच्या नळीचा रंग ग्राफच्या बाहेर गेला. सिरम पातळ करून परत लावलं. ओटी तीनशे दहा, पीटी एकशे चाळीस. चाळीसच्या आत असायला हवं ते. मी आणखी एकदा लावलं, तेच आलं. बाथसमोरच्या स्टुलावर बसले आणि मला राग आला. काळजी नाही वाटली, राग आला. सहा वर्षं हा माणूस आम्हाला फसवतोय, विहारात पुढं बसून शील सांगतोय, असंच मनात आलं. त्याला ताप आहे, ही गोष्ट मी पार विसरले.

*

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तरातरा घरी गेले. अण्णा चटईवर पडला होता. वहिनी त्याच्यासाठी गंजी करत होती, म्हणजे तांदळाची पातळ पेज. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, “अण्णा, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“परत सुरू केलंस ते.”

वहिनीचा पळीवरचा हात थांबला. अण्णा हसायला बघत होता. मला तो लाडानं तंगी म्हणायचा, कन्नडात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. “तंगी, ताप मला आलाय आणि बडबड तू करायलीस.”

मी कागद उघडून आकडे वाचले. शाळेत धडा वाचावा तसे, वहिनीला ऐकू जातील असे. “पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. हे दारूनंच होतं. मी तीनदा लावलंय अण्णा, कागद खोटं बोलत नाही.”

“न्हाई गं,” तो म्हणाला. मग वहिनीकडे बघून परत, “न्हाई.”

भिंतीवर आमच्या घरातल्या दोन तसबिरी होत्या. मी त्यांच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, “यांच्यासमोर तरी खरं बोल.”

तेव्हा अण्णा कोपरावर उठला. त्याला उठवत नव्हतं. त्यानं मान माझ्याकडे केली, तोंड उघडलं आणि ‘हा’ केलं. तापानं कोरड्या पडलेल्या तोंडानं, लहानपणी दारात करायचा तसंच. मी वाकायचं होतं, एवढंच काम होतं माझं. मी वाकले नाही. “मला आता हुंगायची गरज नाही,” मी म्हणाले. “माझ्याकडे कागद आहे.”

तो परत आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी जेवून लॅबला गेले. होय, जेवले मी, आणि व्यवस्थित जेवले.

*

वहिनी लगेच गेली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना तिनं कागद दाखवला, तेही म्हणाले, “घेत असतील तर बंद करायला सांगा.” त्यानं तिचा उरलासुरला विश्वासही गेला. तरी अण्णाला उभं राहता येईपर्यंत ती थांबली, त्याला वेळेवर गंजी दिली, कपडे धुतले, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या लहान मुलीला घेऊन ती कलघटगीच्या बसमध्ये बसली. अण्णानं तिला अडवलं नाही. मी पण नाही. मला वाटलं, बरी अद्दल घडली.

त्या रविवारी अण्णा विहारात नेहमीसारखा पुढं बसला. पहिलं शील म्हणाला, दुसरं, तिसरं, चौथं म्हणाला आणि थांबला. पाचवं म्हणालाच नाही. माणसं वाट बघत राहिली, मग एका म्हाताऱ्या काकांनी ते म्हटलं आणि वंदना पुढं गेली. पुढच्या रविवारीही तसंच झालं. लोक कुजबुजायला लागले. मी बायकांच्या बाजूला बसून मनात म्हणत होते, बघा, कबूल केलं शेवटी. तो का थांबतो, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

*

आता माझा ताप.

लॅबमध्ये बाथमधून नळ्या काढताना माझे हात थरथरले आणि मी खाली बसले. दोन दिवसांत उठता येईना. डोळ्यांच्या मागं कुणी अंगठे दाबतंय असं दुखत होतं. अण्णा मला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथं एक तरुण डॉक्टरबाई होत्या, धारवाडच्या एका शिक्षकांची मुलगी, आमच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांनी बीपीचा पट्टा माझ्या दंडाला बांधला, फुगवला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला. सोडल्यावर कोपराखाली बारीक लाल ठिपके उठले होते, मोजता येणार नाहीत इतके.

“डेंग्यू वाटतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे ठिपके त्याचेच. घरात आणखी कुणाला येऊन गेला का असा ताप?”

मी त्या ठिपक्यांकडे बघत होते. ढेकूण, मी म्हटलं होतं. अण्णा शेजारी उभा होता. तो म्हणाला, “मला आला होता बाई. बरा झालो.” एवढंच म्हणाला.

घरात पाणी कसं साठवता, हेही त्यांनी विचारलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे परसात दोन मोठी पिंपं कायम भरलेली. त्यातलं एक माझ्याकडे होतं. ते घासायची माझी पाळी मी महिनाभर चुकवली होती. तेव्हा या तापाचा आणि पिंपाचा संबंध मला ठाऊक नव्हता, पण पाळी चुकवलेली ठाऊक होती.

*

बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ बाईमाणूस लागतं. पुरुषाला फक्त भेटायच्या वेळेत आत सोडत. आमच्या घरात बाईमाणूस नव्हतं. का नव्हतं, ते मला चांगलंच माहीत होतं. पहिले दोन दिवस अण्णा कामाला न जाता बाहेर व्हरांड्यात बसून राहिला आणि आतलं सगळं वॉर्डातली आया गौरव्वा करत होती. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, मराठी समजायची पण बोलायची कन्नडच. “नीर कुडी, तंगी, नीर कुडी,” म्हणत दर तासाला माझ्या तोंडाला पाण्याचा पेला लावायची. नको म्हटलं की दटावायची. माझे केस तिनं न सांगता विंचरून दिले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर खाटेशी वहिनी. अण्णानं कलघटगीहून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईबरोबर निरोप धाडला होता. मुलीला आईकडे ठेवून वहिनी पहिल्या बसनं आली होती. मला बघून म्हणाली, “किती वाळलीस गं.” मी रडायला लागले. तिला वाटलं तापानं रडतेय. तिनं माझं कपाळ पुसलं. अण्णा भेटायच्या वेळेत आला की ती उठून बाहेर जायची.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी म्हटलं, सुटले. पण खरे वाईट दिवस तिथून सुरू झाले. पोटात उजव्या बाजूला दगड ठेवल्यासारखं झालं, उलट्या थांबेनात, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. शेजारच्या खाटेवरची बाई एका सकाळी गेली. दुपारी त्याच खाटेवर धुतलेली चादर होती. मला मरणाची भीती वाटली हे खरं आहे. पण त्याहून जास्त वाटायचं की मी गेले तर वहिनी तशीच परत जाईल आणि अण्णा घरात एकटा राहील, आणि ते घर मी मोडलं हे कुणाला कळणारही नाही. असं वाटायचं, पण तेव्हाही माझी खात्री पक्की झालेली नव्हती. ठिपक्यांनी शंका आली होती, आणि मी ती शंका बाजूला ढकलत होते.

*

आठव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. हॉस्पिटलच्या लॅबच्या खिडकीतून कागद घेऊन वॉर्डात पोचवायचं काम अण्णाकडे होतं. त्यानं तो नर्सच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा वहिनी गरम पाणी आणायला गेली होती.

त्या म्हणाल्या, “लिव्हरला बरीच सूज आहे. म्हणून पोट दुखतंय. घाबरू नका, उतरेल.”

“आकडे किती?” मी विचारलं.

“तुम्ही लॅबवाल्या ना! ओटी चारशे वीस, पीटी एकशे नव्वद.”

पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. माझ्या अंगावरचं पांघरूण मी घट्ट धरलं. “पण बाई, ओटी दुप्पट म्हणजे… दारू ना?”

त्या मोठ्यानं हसल्या. “घेता का तुम्ही?” मग माझा चेहरा बघून जरा थांबल्या. “दारूनं होतं तसं, पण फक्त दारूनं नाही होत. या तापात लिव्हरला मार बसतोच, शिवाय ओटी स्नायूंमधूनही रक्तात येतं. अंग किती दुखलं तुमचं? त्यामुळे या तापात बऱ्याचदा पहिला आकडाच मोठा दिसतो. दोन आकड्यांवरून माणूस पितो का ते कसं सांगणार? माणसाला विचारायचं, तपासायचं, ताप बघायचा.”

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. वहिनी गरम पाणी घेऊन आली. “काय म्हणाल्या बाई?” तिनं विचारलं.

“लिव्हरला सूज आहे,” मी म्हटलं. “उतरेल म्हणाल्या.”

आणि मी गप्प बसले.

*

ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती हीच. अण्णावर आळ घेतला तेव्हा मी अडाणी होते, असं म्हणून मला सुटका करून घेता येईल. पण आठव्या दिवसापासून मी अडाणी नव्हते. मला सगळं कळलं होतं, आणि तरी दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. वहिनी मला चमच्यानं गंजी भरवायची आणि मी गिळायची. ती म्हणायची, “तू बरी झालीस की मी इथूनच बस धरणार. त्या घरात पाय ठेवणार न्हाई.” मी ते ऐकायची आणि छताकडे बघायची. घरातली शिकलेली मी, आकडे कळणारी मी. मी चुकले म्हटलं तर माझ्याजवळ दुसरं काय उरणार, अशी भीती होती. स्वतःच्या भावाच्या संसारापेक्षा मला माझा मान मोठा वाटला. दोन दिवस वाटला.

त्यात आणखी एक आठवत राहिलं. त्याच पावसाळ्यात लॅबच्या खिडकीत एक बाई नवऱ्याचा कागद न्यायला आली होती. त्याचेही आकडे असेच होते. मी आगाऊपणानं तिला म्हटलं होतं, “नवऱ्याला जरा कमी घ्यायला सांगा.” ती कागद घेऊन जिना उतरून गेली. तिचं नाव मला आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता धोका टळला, दोन दिवसांत घरी. वहिनीनं त्याच दुपारी आपली पिशवी आवरायला घेतली. चार वाजता भेटायची वेळ झाली, अण्णा आत आला, वहिनी बाहेर जायला उठली. मी तिच्या लुगड्याचं टोक धरलं.

“वहिनी, थांब. अण्णा प्यायला नव्हता.”

दोघंही थांबली.

“माझे आकडे त्याच्यासारखेच आलेत. त्याचे तीनशे आणि माझे चारशे. मी तर कधी पीत नाही. तापानं होतं ते. त्यालाही हाच ताप होता, त्याच्या हातावर हेच ठिपके होते, मी बघितले होते. मी चुकले. आणि हे मला परवापासून माहीत आहे.”

शेवटचं वाक्य म्हणायची गरज नव्हती. पण ते मागे ठेवून बाकीचं सांगितलं असतं तर मला पुन्हा त्यांच्याकडे बघता आलं नसतं.

अण्णानं शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तो माझ्या लॅबचा कागद होता, त्याचा स्वतःचा, घड्यांवर फाटत आलेला. “मला पण परवापासून माहीत हाय,” तो म्हणाला. “तुझा कागद मीच आणला की खिडकीतनं. त्या दिवशी तू वाचून दाखवलंस तवापासून हे दोन आकडे मला पाठ झालेत. दोन्ही कागद बाजू-बाजूला धरून बघितले.”

“मग बोलला का नाहीस?”

“आजारी माणसाला काय बोलायचं? म्हटलं, आधी बरी होऊ दे.”

“आणि मी बोललेच नसते तर?”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग कागदाची घडी घालत म्हणाला, “बिडु.” जाऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या शब्दाच्या आधी तो जितका वेळ गप्प होता, तेवढी शिक्षा मला अजून पुरते.

वहिनी त्याच्याकडे वळली. “तुम्ही तरी गप का बसलात?”

“न्हाई म्हटलं होतं की. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणाऱ्याचं कोण खरं मानतंय? म्हणून तर विहारात पाचवं पण म्हणत नव्हतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी ‘हा’ पण केलं होतं. तंगी वाकली न्हाई.”

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

वहिनी मात्र रागावली, आणि ते योग्यच होतं. “मला कागद कुठं वाचता येतोय शांता?” ती म्हणाली. “मी कागद बघून गेले न्हाई. तू म्हणालीस म्हणून गेले. तू खोटं बोलशील असं मला कधी वाटलंच न्हाई.” आणि ती व्हरांड्यात निघून गेली. अण्णा तिच्या मागून गेला. खाटेवरून मला बाहेरचं दिसत नव्हतं. गौरव्वा येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवत “सुम्न मलको” म्हणाली, गप पडून राहा म्हणाली. बऱ्याच वेळानं वहिनी आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. हातात गंजीचं भांडं होतं. तिनं मला भरवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

*

वहिनी आमच्याबरोबर घरी आली. आठवड्यानं मुलगीही आली. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी लिहिणार नाही. अण्णा आणि ती नीट आहेत, माझ्याशीही ती चांगली वागते. पण अजून कुणाचा रिपोर्ट मी घरी आणला, की ती हात आडवा करते आणि म्हणते, “मला सांगू नको. डॉक्टरला सांग.” ते मी निमूट ऐकते.

लॅबमध्ये मी आता कागदापलीकडे एक शब्द बोलत नाही. ओटी दुप्पट दिसलं की आधी विचारते, ताप आहे का, आणि असला तर लगेच परत डॉक्टरांकडे पाठवते. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. लिव्हरचा कागद हातात आला तर तो पेशंटच्या डॉक्टरांना दाखवा, पेशंटच्या तोंडावर मारू नका. तुमच्या माणसाला तुम्ही किती वर्षं ओळखता, ते कागदावर लिहिलेलं नसतं. आणि पाण्याची पिंपं दर आठवड्याला घासा. आमच्याकडे रविवारी सकाळी विहारात जायच्या आधी अण्णा घासतो, दोन्ही. मी पुढं झाले तर म्हणतो, तू बस.

अंगात चालायचं बळ आल्यावर पहिल्याच रविवारी मी विहारात गेले. अण्णा पुढं बसला होता. मी बायकांच्या बाजूला, वहिनीच्या मागं. तो एकेक शील म्हणायला लागला आणि आम्ही मागून म्हणत गेलो. पाचव्याला तो काय करतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. माझंही होतं. पण त्याच्या आधी चौथं येतं, खोटं न बोलण्याचं. आयुष्यभर म्हटलेलं, आणि ते माझ्या तोंडातून बाहेर येईना. सगळ्यांनी म्हटलं, मी ओठ मिटून बसले. इतक्या माणसांत एक आवाज कमी पडला तर कुणाला कळणार?

अण्णाला कळलं. तो पाचव्याकडे गेला नाही. जरा थांबला आणि चौथं शील त्यानं पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा हळू. माझ्या शेजारची म्हातारी वहिनीच्या कानाशी वाकून म्हणाली, “परत अडखळला बघ हा.” वहिनीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ते शील म्हटलं. मग अण्णानं पाचवं म्हटलं, मोठ्यानं, एका दमात.